स्टेटमेंटवर अनोळखी सुपरमार्केटचा खर्च दिसतोय? तो कसा शोधायचा

स्टेटमेंटवर एखाद्या सुपरमार्केटच्या नावाने पैसे गेलेले दिसतात, पण तिथे गेल्याचं काही केल्या आठवत नाही. अशा वेळी बहुतेक जण त्या नावावरच अडून बसतात. त्या ओळीतलं सगळ्यात बेभरवशाचं काही असेल तर ते नावच. ती ओळ ग्राहकाला समजावी म्हणून कुणी लिहिलेली नसते. दुकानाच्या बँकेने तुमच्या बँकेला पाठवलेल्या संदेशातला तो एक तुकडा असतो. म्हणून आधी रक्कम बघावी, मग तारीख, मग कार्डाचे शेवटचे चार अंक. नावाचा विचार सगळ्यात शेवटी.

नाव असं विचित्र का दिसतं

कार्डाच्या व्यवहारांचे संदेश प्रामुख्याने आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या साच्यात पाठवले जातात. हे मानक १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, आणि तेव्हाची काटकसर त्यात अजून दिसते. दुकानाचं नाव आणि ठिकाण या दोन्हींसाठी मिळून त्यात फक्त ४० अक्षरांची जागा आहे. साधारण २२ ते २५ अक्षरं नावाला, १३ शहराला आणि उरलेली देशाच्या संकेताला. एवढ्यात पूर्ण नाव बसत नाही म्हणून मधली अक्षरं गाळली जातात, मागे शाखेचा क्रमांक चिकटतो, आणि ‘एसएमकेटी ०४१७’ असं काहीतरी उरतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जागा आणखी कमी असेल तर त्यातलंही शेपूट कापलं जातं. त्यामुळे अ‍ॅपमधली ओळ कळली नाही, तर त्या नोंदीवर टिचकी मारून तपशील उघडावा किंवा स्टेटमेंटची पूर्ण पीडीएफ बघावी. तिथे बऱ्याचदा जास्त मजकूर असतो.

मुळात हे नाव ठरतं कधी, तर दुकानाने कार्ड मशीन घेताना बँकेचा अर्ज भरला तेव्हा. त्या अर्जात पाटीवरच्या नावाऐवजी नोंदणीकृत कंपनीचं नाव लिहिलेलं असू शकतं. शाखा फ्रँचायझीवर चालत असेल तर चालवणाऱ्याच्या फर्मचं नाव येतं. एका साखळीने दुसरी विकत घेतली, पाटी बदलली, पण मशीनचं जुनं खातं तसंच राहिलं, तर बंद झालेल्या दुकानाच्या नावाने पैसे गेल्यासारखे दिसतात. शहराचंही तेच. ऑनलाइन ऑर्डरच्या नोंदीत तर बऱ्याचदा मुख्य कार्यालयाचं शहर येतं. ‘मी त्या गावात पाऊलही ठेवलेलं नाही’ एवढ्यावरून फसवणूक झाली असं ठरत नाही.

सुपरमार्केटच्या छपराखाली इतरही धंदे चालतात: औषधांचा काउंटर, कॅफे, फोटो छापायचं यंत्र, पार्किंग, पेट्रोल पंप. यातले काही स्वतंत्र मशीन वापरतात आणि वेगळ्याच नावाने दिसतात, तर काहींचे पैसे सुपरमार्केटच्याच खात्यात जातात. म्हणजे कॅफेत प्यायलेली कॉफी स्टेटमेंटवर सुपरमार्केटची खरेदी होऊन येऊ शकते.

ओळीत मध्येच फुली किंवा तारा दिसला, तर त्या दुकानाने मध्यस्थ पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेतले आहेत असं समजावं. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड नेटवर्कच्या संकेतानुसार ताऱ्याच्या आधी मध्यस्थाचं नाव ३, ७ किंवा १२ अक्षरांत लिहितात आणि खरं दुकान ताऱ्यानंतर येतं. मध्यस्थाने बरीच जागा खाल्ल्यामुळे दुकानाच्या वाट्याला थोडकीच अक्षरं उरतात. शोधताना ताऱ्याच्या उजवीकडचा भाग घ्यावा. डावीकडचं नाव शोधलं तर फक्त त्या पेमेंट कंपनीची माहिती मिळते.

नावापेक्षा बरा दुवा म्हणजे व्यवसायाचा चार अंकी संकेत, एमसीसी. हे संकेत आयएसओ १८२४५ मानकात ठरलेले आहेत. किराणा दुकानं आणि सुपरमार्केट ५४११, औषध दुकानं ५९१२, पेट्रोल पंप ५५४१ आणि आपण स्वतः भरून घेतो तो स्वयंचलित पंप ५५४२. अ‍ॅपमध्ये खर्चाशेजारी भाजीच्या पिशवीचं किंवा पंपाचं चित्र दिसतं ते मुख्यतः याच संकेतावरून. काही बँका तपशिलात तो आकडा दाखवतात, नाहीतर फोनवर विचारल्यास सांगतात. नाव सुपरमार्केटचं आणि संकेत ५५४२ असेल, तर शोध किराण्याच्या पावत्यांत न घेता गाडीच्या टाकीपासून सुरू करावा. मात्र हा संकेत दुकानाला मिळतो, वस्तूला नाही. सुपरमार्केटमधून टीव्ही घेतला तरी तो किराण्यातच मोडतो. गिफ्ट कार्डही तसंच, आणि चोरलेल्या कार्डावर गिफ्ट कार्ड घेण्याची पद्धत चोरांमध्ये चांगलीच रुळलेली आहे. तेव्हा ‘किराणाच तर आहे’ म्हणून मोठी अनोळखी रक्कम सोडून देऊ नये.

रक्कम पावतीशी जुळत नाही, कारण व्यवहार दोन टप्प्यांत होतो

कार्ड लावलं की लगेच पैसे दुकानाला मिळत नाहीत. पहिल्या टप्प्यात दुकान मंजुरी मागतं. बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम बाजूला अडकवून ठेवते. हा होल्ड, आणि अ‍ॅपमध्ये तो ‘पेंडिंग’ दिसतो. दुसऱ्या टप्प्यात, बहुधा एक ते तीन कामकाजाच्या दिवसांत, दुकान अंतिम रक्कम पाठवतं आणि तेव्हा पैसे प्रत्यक्ष वळते होतात. दोन टप्प्यांतली रक्कम सारखीच असेल असं नाही, आणि निम्म्याहून जास्त गोंधळाचं मूळ इथेच असावं.

ऑनलाइन किराण्यात हा फरक ठरलेला. फळं, भाजी, मांस वजनावर विकलं जातं आणि नेमकं वजन सामान भरतानाच कळतं. एखादी वस्तू संपलेली असते, तिच्याऐवजी दुसरी महाग किंवा स्वस्त वस्तू टाकली जाते. म्हणून काही दुकानं ऑर्डरच्या वेळी अंदाजे बिलापेक्षा थोडी जास्त रक्कम अडकवतात आणि सामान निघालं की खरी रक्कम घेतात. समजा ऑर्डर १,००० ची होती. होल्ड १,१०० चा पडला आणि शेवटी ९६२ वळते झाले. यातले तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ९६२ हा आकडा ऑर्डरच्या पहिल्या ईमेलमध्ये कुठेच नसतो. तो सामान पोचल्यानंतरच्या अंतिम बिलात असतो, आणि ते बिल फारसं कुणी उघडत नाही.

माल दोन गोदामांतून आला तर एकाच ऑर्डरच्या दोन नोंदी पडतात, त्याही वेगवेगळ्या दिवशी. दोन अनोळखी रकमा जवळजवळ आल्या असतील तर त्यांची बेरीज करून ती ऑर्डरशी ताडून बघावी. डिलिव्हरीचं शुल्क, पिशव्यांचे पैसे, बाटल्यांची अनामत हे बिलात असतं पण लक्षात राहत नाही. ज्या दुकानांत काउंटरवरच रोख काढता येते, तिथे खरेदी आणि रोख मिळून एकच आकडा येतो. आठवणीतलं बिल आणि नोंद यांच्यातला फरक पूर्ण शंभराच्या किंवा पाचशेच्या पटीत असेल तर ही शक्यता आधी तपासावी.

स्वयंचलित पंपाचं गणित निराळं आहे. किती इंधन भरलं जाणार हे नळी उचलताना पंपाला माहीत नसतं, म्हणून तो आधी एक ठरावीक रक्कम मंजूर करून घेतो आणि भरून झाल्यावर खरी कळवतो. खरी रक्कम लगेच कळवली गेली तर होल्ड काही मिनिटांत सुटतो. पंपाने किंवा बँकेने ते काम रात्रीच्या हिशेबावर ढकललं असेल, तर अर्धी टाकी भरूनही पूर्ण टाकीहून जास्त पैसे दोनतीन दिवस अडकलेले दिसतात. डेबिट कार्डावर हे जास्त टोचतं, कारण तिथे आपलेच पैसे अडकतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा कमी होते.

नवीन कार्ड दुकानाच्या अ‍ॅपमध्ये साठवलं की ते चालू आहे का हे बघण्यासाठी शून्य किंवा अगदी किरकोळ रकमेची मंजुरी मागितली जाते. ती पुढे वळती होत नाही, आपोआप गळून पडते. परदेशात मशीनने ‘तुमच्या चलनात घ्यायचे का?’ असं विचारलं आणि आपण हो म्हटलं, तर तिथल्या दुकानाच्या बाजूने ठरलेला दर लागतो आणि तो सहसा महाग असतो. नाही म्हटलं तर कार्ड नेटवर्कचा दर लागतो आणि आपल्या बँकेचं शुल्क असेल तर त्याची कधी वेगळी ओळ पडते. ही शुल्काची ओळ दुकानाच्या नावाशिवाय आली की सुटी, अनाथ वाटते.

तारखेचा घोळ

स्टेटमेंटवर दोन तारखा असू शकतात: व्यवहाराची आणि नोंद पडल्याची. एकच छापलेली असेल तर ती बऱ्याचदा दुसरी असते. शुक्रवारी रात्रीची खरेदी सोमवारी किंवा मंगळवारी दिसते. मध्ये सुट्टी आली तर आणखी पुढे. शिवाय इंटरनेट बंद असताना काही मशीन व्यवहार स्वतःकडे साठवतात आणि जोडणी आली की पाठवतात. म्हणून छापलेल्या तारखेच्या मागचे चारपाच दिवस तरी चाळावेत. परदेशातल्या किंवा ऑनलाइन व्यवहारात वेळेच्या पट्ट्यामुळेही एका दिवसाचा फरक पडतो.

दोनदा पैसे गेले असं दिसलं तर

आधी दोन्ही नोंदींची स्थिती बघावी. एक पेंडिंग आणि एक पूर्ण झालेली असेल, तर बहुधा तो एकाच खरेदीचा होल्ड आणि त्याचीच वसुली आहे. दोन्हींची जोडी बँकेच्या यंत्रणेला आपोआप जुळवता आली नाही की जुना होल्ड मुदत संपेपर्यंत लटकत राहतो. ही मुदत बँकेवर आणि व्यवहाराच्या प्रकारावर अवलंबून असते. किराण्यात साधारण आठवड्याभरात होल्ड सुटतो, काही प्रकारांत मात्र महिनाही लागतो. मशीनने ‘व्यवहार अयशस्वी’ म्हणून सांगितलं आणि आपण पुन्हा कार्ड लावलं, तेव्हाही हेच होतं. पहिली मंजुरी बँकेत झालेली असते, उत्तर मशीनपर्यंत पोचलेलं नसतं, आणि रद्द करण्याचा संदेश वाटेत हरवतो.

दोन्ही नोंदी पूर्ण झालेल्या असतील तर बँकेला दोन्हींचे मंजुरी क्रमांक विचारावेत. हा सहा अक्षरी क्रमांक पावतीवर अप्रूव्हल किंवा ऑथ कोड म्हणून छापलेला असतो. दोन्हीकडे एकच क्रमांक असेल तर दुकानाने दिवसाचा हिशेब दोनदा पाठवला असण्याची शक्यता मोठी. त्यात त्या दिवशीचे इतरही ग्राहक सापडलेले असतात आणि दुकान बऱ्याचदा स्वतःहून पैसे परत करतं. क्रमांक वेगळे असतील तर कार्ड खरोखर दोनदा मंजूर झालं आहे, मग पावत्या किती निघाल्या ते दुकानाकडून तपासून घ्यावं.

प्रत्यक्ष शोध

ईमेल आणि मेसेजमध्ये दुकानाचं नाव न टाकता रक्कम टाकून शोधावं. स्वल्पविरामासह, स्वल्पविरामाशिवाय, दशांशासह, असं दोनतीन प्रकारे. दुकानाचं लॉयल्टी कार्ड किंवा अ‍ॅप वापरत असाल तर खरेदीचा इतिहास तारखेनुसार तिथे असतो, कागदी पावती फेकून दिली असली तरी.

कागदी पावती हाती असेल आणि तिच्यावरचे कार्डाचे शेवटचे चार अंक तुमच्या कार्डाशी जुळत नसतील, तर लगेच ‘ही माझी नाही’ म्हणू नये. फोन किंवा घड्याळाने पैसे देताना कार्डाचा खरा क्रमांक दुकानाकडे जात नाही. त्याच्या जागी त्या उपकरणापुरता तयार केलेला पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, जातो आणि पावतीवर त्याचे चार अंक छापले जाऊ शकतात. फोनच्या वॉलेटमध्ये कार्डाचा तपशील उघडला की या उपकरणाच्या क्रमांकाचे शेवटचे अंक दिसतात, ते ताडून बघावेत. फोन आणि घड्याळ दोन्हींत एकच कार्ड असेल तर दोघांचे अंक वेगळे असतात.

मग घरात विचारावं. अ‍ॅड-ऑन कार्डाचे, म्हणजे तुमच्या खात्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाला दिलेल्या कार्डाचे, खर्च मुख्य कार्डाच्या स्टेटमेंटवर येतात. मुलांच्या टॅबमध्ये, आईवडिलांच्या किराणा अ‍ॅपमध्ये कधीतरी आपलंच कार्ड साठवून दिलेलं असतं. ‘तू अमुक दुकानात गेला होतास का?’ असं विचारलं तर नाही हेच उत्तर येईल, कारण नाव त्यालाही ओळखीचं वाटणार नाही. त्याऐवजी तारीख आणि रक्कम सांगावी. उलटतपासणी घ्यायची गरज नाही, पण हे न विचारताच बँकेत फसवणुकीची तक्रार केली की नंतर ती मागे घेताना फार पंचाईत होते.

तरीही पत्ता लागला नाही तर दुकानाला विचारता येतं. रक्कम, तारीख, शेवटचे चार अंक आणि शक्य असल्यास मंजुरी क्रमांक एवढ्यावर त्यांना बिल सापडतं आणि त्यात काय घेतलं होतं तेही कळतं. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, ओटीपी यांपैकी काहीही द्यायची गरज नसते. संपर्क क्रमांक दुकानाच्या अ‍ॅपमधून किंवा छापील पावतीवरून घ्यावा आणि बँकेचा कार्डाच्या मागून. स्टेटमेंटवरची ओळ जशीच्या तशी शोधयंत्रात टाकून जो पहिला नंबर येईल तो फिरवू नये. खोटी ग्राहक सेवा चालवणारे गोंधळलेल्या माणसाची तिथेच वाट बघत असतात.

दरमहा येणारी रक्कम

नोंद दर महिन्याला किंवा बरोबर वर्षाने येत असेल तर ती सदस्यत्वाची असावी: डिलिव्हरी पास, सभासद योजना, फुकट चाचणीनंतर सुरू झालेलं नूतनीकरण. रक्कम गोल नसून शेपटीत नव्व्याण्णव किंवा तत्सम काही असते. हे बंद करायचं तर दुकानाच्या खात्यात जाऊन रद्द करावं लागतं. कार्ड बदलून ते थांबेल या भरवशावर राहू नये. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींच्या अशा सेवा आहेत, ज्यांतून साठवलेल्या कार्डाचा नवा क्रमांक दुकानाला आपोआप कळू शकतो. जुनं कार्ड रद्द, नवं आलं, आणि वर्गणी सुरूच, हे त्यामुळे घडतं.

खरंच फसवणूक असेल तर

किरकोळ रकमेची नोंद, तिच्यामागोमाग दुसरी, आणि काही तासांत मोठी रक्कम, हा चोरलेल्या क्रमांकांची चाचणी घेण्याचा जुना प्रकार आहे. पहिली किरकोळ नोंद दिसली तेव्हाच अ‍ॅपमधून कार्ड तात्पुरतं गोठवावं. यात कार्ड रद्द होत नाही. घरातल्याच कुणाचा खर्च निघाला तर एका बटणात पुन्हा सुरू करता येतं.

बँकेला फोन कराल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा: कार्ड कसं वाचलं गेलं? प्रत्येक संदेशात त्याचा संकेत असतो. ०५ म्हणजे चिप, ०७ म्हणजे टॅप, ९० म्हणजे चुंबकीय पट्टी, ०१ म्हणजे क्रमांक हाताने टाकला, १० म्हणजे आधी साठवलेलं कार्ड. चिप आली तर कार्ड स्वतः तिथे होतं, म्हणजे ते त्या दिवशी कुणाच्या हातात होतं हे आधी घरात बघावं. टॅप असेल तर कार्डाने की टोकनने हे विचारावं. टोकन असेल तर ते कोणत्या उपकरणात आणि कधी जोडलं गेलं हेही विचारावं. तुमचं कार्ड स्वतःच्या फोनमध्ये जोडण्यासाठी ओटीपी काढून घेणारे चोर असतात, आणि मग सुपरमार्केटमध्ये कार्ड न नेताच खरेदी होते. अशा वेळी ते टोकन काढून टाकायला स्पष्ट सांगावं.

तक्रारीचं कारण नीट निवडावं. व्हिसाच्या नियमांत वादाचे चार गट आहेत: १० फसवणूक, ११ मंजुरीतील चूक, १२ प्रक्रियेतील चूक आणि १३ ग्राहकाची तक्रार. दोनदा कापलेले पैसे किंवा चुकीची रक्कम १२ मध्ये येते, न मिळालेला रिफंड किंवा रद्द केलेली वर्गणी १३ मध्ये. खरेदी आपली असताना, फक्त रक्कम चुकली म्हणून ‘हा व्यवहार माझा नाही’ यावर खूण केली, तर कार्ड रद्द होतं आणि दुकान चिपचा पुरावा दाखवून दावा उडवून लावतं. बरोबर असलेली तक्रार चुकीच्या रकान्यामुळे हरते.

पेंडिंग नोंदीवर वाद सहसा दाखल होत नाही, ती पूर्ण व्हावी लागते. मात्र फसवणूक कळवायला तेवढी वाट बघू नये, ती लगेच कळवावी. नेटवर्कच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी १२० दिवसांची मुदत असते, पण ती बँकांमधल्या देवघेवीची असते. ग्राहकाने कळवण्याची मुदत, आणि उशीर झाला तर नुकसान कुणाच्या माथी, हे देशाच्या कायद्यावर व बँकेच्या अटींवर ठरतं आणि बऱ्याचदा ती मुदत याहून कमी असते. फोनवर बोललात तरी तक्रार क्रमांक घ्यावा आणि तोच मजकूर लेखीही पाठवावा.

दुकानाने चूक मान्य करून पैसे परत केले, तर ते मूळ नोंदीतून वजा होत नाहीत, वेगळी जमा ओळ येते. त्याच दिवशी, हिशेब पाठवण्याआधीच बिल रद्द झालं असेल तर मात्र जमेची ओळ कधीच येणार नाही, होल्ड नुसता नाहीसा होतो. रिफंडला दहा कामकाजाच्या दिवसांहून जास्त लागले तर दुकानाकडे एआरएन, म्हणजे दुकानाच्या बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक, मागावा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि आठवा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, तर त्यापुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ‘आम्ही गेल्याच आठवड्यात पाठवले’ हे खरं की खोटं, ते तिथूनच कळतं. हा क्रमांक बँकेला दिला की पैसे त्यांच्याकडे येऊन कुठे अडकले आहेत हे त्यांना शोधता येतं. दुकान एआरएन देऊ शकत नसेल, तर रिफंड अजून निघालेलाच नसण्याची शक्यता धरावी.